घरबसल्या ध्रुवीय अस्वलाच्या आईचा माग कसा ठेवावा

ध्रुवीय अस्वलांचं कुटुंब प्रत्यक्ष पाहायचं तर कॅनडातलं, हडसन उपसागराच्या पश्चिम काठावरचं चर्चिल गाठावं लागतं. त्या गावाला रस्ताच जात नाही. विनिपेगहून रेल्वे, नाहीतर विमान. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या हंगामातले भाव ऐकले की इथे बसल्या बसल्या हुडहुडी भरते. मी काही गेलेली नाही आणि जाईनसं वाटतही नाही. इंदूरला लोकमान्य नगरातल्या घरात बसून, जाड पुठ्ठ्याची एक वही, टीव्ही आणि नातवाचा फोन एवढ्या भांडवलावर मी दर वर्षी एखाद-दुसऱ्या अस्वलिणीचा माग ठेवते. आमचा सोहम असतोच, शेजारची पीहूही येते. ती हिंदी शाळेतली, त्यामुळे तिची ती ‘भालूबाई’. बऱ्याच जणींनी विचारलं की हे नक्की करायचं कसं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधीच सांगून ठेवते, गोजिरवाणी पिल्लं बघायची म्हणून बसाल तर आठवड्याभरात कंटाळाल. पिल्लं महिनोन्‌महिने दिसतच नाहीत. बघायची ती आई, आणि तिच्या पायाखालचा बर्फ. या दोन गोष्टी नीट टिपल्या की पिल्लांचं पुढे काय होणार ते बरंचसं कळतं.

वही आणि तिच्यातला हिशेब

डाव्या पानावर बर्फ, उजव्या पानावर आई. डावीकडे दर रविवारची तारीख आणि बर्फाची स्थिती. उजवीकडे आई कुठे आहे, अंगानं कशी दिसते, बरोबर किती पिल्लं. एवढे रकाने पुरतात. सोहमनं पहिल्या वर्षी रंगीत पेनांनी दहा रकाने आखले होते, त्यातले सात कोरेच राहिले.

माझा जन्म बँकेच्या काउंटरमागे गेला, त्यामुळे अस्वलाच्या अंगावरची चरबी मला खात्यातल्या शिलकीसारखी दिसते. समुद्र गोठलेला असतो तेव्हा अस्वल बर्फावर चालत जाऊन सील पकडतं. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी वर येतो. अस्वल तिथे तासन्‌तास हालचाल न करता थांबतं. एप्रिल ते जून हा जमेचा काळ. रिंग्ड सीलची पिल्लं नुकती जन्मलेली असतात, गुबगुबीत आणि बेसावध. वर्षाची मोठी कमाई याच काही आठवड्यांत होते. जुलैत हडसन उपसागरातला बर्फ पार वितळतो, अस्वलं किनाऱ्यावर येतात, आणि नोव्हेंबरात पाणी पुन्हा गोठेपर्यंत खात्यातून नुसती उचल. बोरं, गवत, समुद्री शेवाळ, एखादं पक्ष्याचं अंडं मिळतं, पण त्यानं शिलक वाढत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच भागातल्या २० अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधले होते. कुणी झोपून राहिलं, कुणी बोरं ओरबाडली, कुणी लांबवर पोहून आलं. साधारण तीन आठवड्यांनी पाहिलं तर १९ अस्वलांचं वजन घटलेलं, काहींचं रोज १.७ किलोपर्यंत. ‘काहीतरी खाऊन भागवतील की’ असं कुणी म्हणालं की मी हा आकडा पुढे करते.

गाभण मादीचा हिशेब याहून कडक. तिचं मिलन एप्रिल-मेमध्ये होतं, पण गर्भ लगेच वाढीला लागत नाही. शरदापर्यंत तसाच थांबून राहतो. तोवर आईनं पुरेशी चरबी साठवली असेल तरच पुढचं पाऊल. त्यानंतर ती बिळात शिरते, तिथेच पिल्लं होतात, तिथेच ती त्यांना पाजते, आणि हडसनच्या भागात असा तिचा सलग उपास आठ महिन्यांपर्यंत जातो. पश्चिम हडसनमध्ये शरदात १८९ किलोंपेक्षा कमी भरलेल्या मादीला पिल्लं झालेली संशोधकांना आढळली नाहीत. आमच्या भाषेत हा मिनिमम बॅलन्स, फक्त इथे दंड भरून सुटका नाही. तिथल्या एकट्या प्रौढ माद्यांचं सरासरी वजन १९८० च्या सुमारास २९० किलोंच्या आसपास होतं. २००४ पर्यंत ते २३० च्या आसपास उतरलं. म्हणजे मादी अजून जगते आहे, पण सीमारेषेजवळ सरकते आहे. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. पुढचं सगळं वाचताना ते कामी येतात.

ठिपका निवडणं

पोलर बेअर्स इंटरनॅशनल नावाची संस्था हडसन उपसागरातल्या काही अस्वलांच्या वाटा नकाशावर दाखवते. फोनवर ‘पोलर बेअर ट्रॅकर’ असं टाकलं की सापडतं. प्रत्येक ठिपका म्हणजे गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा घातलेलं एक अस्वल.

गळ्यातले हे पट्टे माद्यांनाच असतात. सोहमला वाटलं, नर संपलेच की काय. तसं नाही. नराची मान डोक्यापेक्षा जाड, त्यामुळे पट्टा सरळ डोक्यावरून निसटतो. पिल्लाला घालता येत नाही कारण ते वाढत जातं आणि पट्टा आवळेल. उरते मोठी मादी. म्हणून हा नकाशा म्हणजे आयांचाच नकाशा आहे, आपल्या कामाला अगदी हवा तसा.

एकच ठिपका निवडा, फार तर दोन. सगळ्यांच्या मागे लागलात की एकही हाती लागत नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी पोहे झाल्यावर आम्ही बघतो. ठिपका बर्फावर लांब लांब पल्ले मारत असेल तर ती भटकते आहे. एकाच पट्ट्यात वेडावाकडा फिरत असेल, आणि महिना एप्रिल-मे असेल, तर बहुधा शिकार चालू आहे. उन्हाळ्यात किनाऱ्याला लागून जवळजवळ हलतच नाही. पीहू दर रविवारी विचारायची, “आजी, ही भालूबाई चालत का नाहीये?” चालली तर खर्च होईल म्हणून. सप्टेंबर-ऑक्टोबरात ठिपका किनारा सोडून आत जाऊ लागला आणि एका जागी बसला तर वहीत लाल पेनानं खूण करा: ही बिळात गेलेली असू शकते. त्या भागातल्या माद्या चर्चिलजवळच्या वापुस्क राष्ट्रीय उद्यानात, नदी-तळ्यांच्या काठच्या दलदली मातीत खोदलेल्या बिळांत जातात. कधी कधी मातीखालून संदेशच येईनासा होतो. लगेच ‘मेली’ लिहून मोकळे होऊ नका, मार्चपर्यंत जागा रिकामी ठेवा.

पिल्लांची संख्या जिथे जिथे दिलेली सापडेल तिथे दर वेळी नव्यानं लिहा, मागची नोंद बघून नाही. २०२५ च्या वसंतात चर्चिलजवळची एक मादी बिळातून एका पिल्लासह बाहेर पडताना पाहिली होती. त्याच वर्षी शरदात तीच मादी दिसली तेव्हा मागे दोन पिल्लं! दुसरं तिचं नव्हतं, तिनं ते सांभाळायला घेतलेलं होतं. पश्चिम हडसनमध्ये साडेचार दशकांच्या अभ्यासात अशी उदाहरणं फक्त १३ आढळली आहेत. ते का घेतलं असेल यावर आमच्याकडे एक पूर्ण संध्याकाळ वाद झाला. आमच्या ह्यांचं म्हणणं, तिला मोजता येत नसेल.

बर्फाचा नकाशा वाचणं

डाव्या पानासाठी दोन नकाशे लागतात. एक संपूर्ण आर्क्टिकचा, अमेरिकेतल्या नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटरचा. त्यात निळ्या समुद्रावर पांढरा बर्फ आणि भोवती एक नारिंगी रेघ असते. ती रेघ म्हणजे १९८१ ते २०१० या काळात त्याच तारखेला बर्फ साधारण कुठवर असायचा त्याची हद्द. पांढरं रेघेच्या आत किती आक्रसलंय ते बघायचं, बस. उपग्रहांची सलग नोंद १९७९ पासूनची आहे. बर्फ मार्चमध्ये सर्वांत जास्त पसरतो, सप्टेंबरच्या मध्याला सर्वांत कमी. २०१२ च्या सप्टेंबरात तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला, तो आजवरचा नीचांक. २०२५ च्या मार्चमध्ये कमाल पसारा सुमारे १४३ लाख होता, तोही तोवरच्या नोंदीतला सर्वांत कमी. सप्टेंबरची नोंद आमच्याकडे अनंत चतुर्दशीच्या आगेमागे येते. पोरं रात्रभर गिरण्यांच्या झांक्या (सजवलेल्या चित्ररथांची मिरवणूक) बघून दुसऱ्या दिवशी आडवी पडलेली असतात, तेव्हा ती नोंद मीच करते.

या नकाशाची एक खोच ध्यानात ठेवा. ज्या चौकटीत समुद्राचा निदान १५ टक्के भाग बर्फानं झाकलेला असेल ती चौकट ‘बर्फ’ म्हणून मोजली जाते. पंधरा टक्क्यांवर अस्वलाला शिकार करता येत नाही. म्हणजे नकाशात पांढरं दिसतंय तरी आई केव्हाच किनाऱ्यावर आलेली असू शकते.

म्हणून दुसरा नकाशा, कॅनडाच्या हिमसेवेचा, फक्त हडसन उपसागराचा. त्यात बर्फ किती दाट आहे ते दहापैकी भागांत सांगितलेलं असतं: नऊ, सात, पाच. पश्चिम किनाऱ्याकडे नजर ठेवा. निम्म्याखाली गेला की अस्वलांना जमिनीची वाट धरावी लागते. ती तारीख लिहा. मग नोव्हेंबरात चर्चिलच्या बाजूला पहिला टिकाऊ बर्फ दिसला की तीही लिहा. नदीचं गोडं पाणी समुद्रात पसरल्यामुळे आणि वायव्येच्या वाऱ्यामुळे तिथे आधी गोठतं, आणि म्हणूनच अस्वलं त्याच किनाऱ्यावर जमून वाट पाहतात. या दोन तारखांमधले दिवस मोजले की आईचा उपास किती लांबला ते कळलं. वहीतला हा एक आकडा सगळ्यांत मोलाचा. १९८० च्या दशकाशी ताडून पाहिलं तर तो मुक्काम तीन ते चार आठवड्यांनी वाढला आहे. गंमत म्हणजे पोरांना हे वाक्य पुस्तकातून सांगितलं तर जांभया देतात, आणि स्वतः दिवस मोजले की “मागच्या वर्षीपेक्षा जास्त का?” म्हणून भांडतात.

कॅमेरा: दिवाळीच्या फराळाबरोबर

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरात एक्सप्लोर डॉट ऑर्गवर चर्चिलजवळच्या टुंड्रातून, म्हणजे तिथल्या उघड्या थंड माळरानातून, थेट प्रक्षेपण असतं. मोठाल्या चाकांच्या उंच गाडीवर कॅमेरा बसवलेला असतो, तिला टुंड्रा बगी म्हणतात. यूट्यूबवरून टीव्हीवर लावता येतं.

वेळ आपल्याला सोयीची आहे. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे उजाडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पावणेसात वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात साडेसात. महिनाअखेरीला आठ वाजून जातात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक आपली घड्याळं तासभर मागे घेतात, पण सूर्याला त्याचं काही नाही, तेव्हा आपण आपल्याच घड्याळावर उजाडण्याची वेळ धरून बसावं. जेवणं आटोपून नऊ ते अकरा बसलात तर त्यांची सकाळ अगदी पूर्ण मिळते. आमचे हे मधूनच पंखा बंद करतात आणि म्हणतात, “बर्फ बघायला वीज जाळा!”

पहिल्या काही संध्याकाळी नुसती विलोची बुटकी झुडपं आणि गोठलेली डबकी दिसतील. धीर धरा. झुडपांत एखादा पिवळट दगड दिसला तर त्याच्याकडेच बघत राहा, दगड अर्ध्या तासानं कूस बदलतो.

दिसल्यावर काय टिपायचं? आधी नर की मादी. नर आडवा-तिडवा, मान रुंद, तोंडावर जुन्या जखमांचे वण, पुढच्या पायांवर लांब केस. मादी आटोपशीर, आणि मागून पाहिलं तर बऱ्याचदा शेपटीखाली पिवळा डाग. पोरं खिदळतात, पण खूण पक्की. मग अंग. संशोधक जाडी १ ते ५ अशा श्रेणीत मांडतात आणि त्यासाठी मुख्यतः मागची बाजू बघतात. कुल्ल्यांची हाडं दिसतायत का? पाठीचा कणा? १ म्हणजे हाडं-कातडी, ३ म्हणजे ठाकठीक, ५ म्हणजे चालताना पोट हलतंय. पांढऱ्या फरमुळे उभं अस्वल भरलेलं वाटतं. ते चालायला लागेपर्यंत आकडा लिहू नका. चालताना मागचा भाग गोल डुलला पाहिजे. टोकदार दिसला तर २.

पिल्लाचं वयही ओळखता येतं. त्या वर्षीचं पिल्लू नोव्हेंबरात दहा-अकरा महिन्यांचं असतं आणि आईशेजारी अगदीच ठेंगणं दिसतं. आधीच्या वर्षीचं एवढं दांडगं होतं की लांबून दोन मोठी अस्वलं आहेत असं वाटतं. तेव्हा बघा की मागचं पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकतंय का. पिल्लं साधारण अडीच वर्षांची होईपर्यंत आईबरोबर राहतात. निम्म्याहून कमी पिल्लं मोठी होईपर्यंत जगतात, हेही पोरांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

एकदा आमच्या पडद्यावर आई आणि दोन पिल्लं होती. आई मागे रेलून बसली, पिल्लं छातीवर चढली, पाजणं सुरू. या दुधात सुमारे ३१ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे पिल्लाच्या तोंडात जाणारा प्रत्येक घोट आईच्या अंगावरून उतरतोय. मध्येच तिनं नाक वर केलं. काहीच दिसत नव्हतं. तिनं पुन्हा नाक वर केलं, ओठ किंचित पुढे, हवा चाखल्यासारखी. उठली, पिल्लं गडगडली. एकानं लगेच आईसारखं नाक वर करून पाहिलं, दुसरं अजून दूध शोधत होतं. ती झुडपांच्या पलीकडे चालू लागली, मागे न बघता, आणि दोघं धावत तिच्या टाचांशी. बऱ्याच वेळानं कॅमेरा फिरला तेव्हा त्या बाजूनं एक भला मोठा नर येताना दिसला. नर पिल्लांना मारू शकतात. सोहम म्हणाला, “आपल्याआधी हिला कळलं.” म्हणून सांगते, पडद्यावर नर कुस्ती खेळत असतील (या दिवसांत ते दोन पायांवर उभं राहून लुटुपुटीच्या कुस्त्या करतात, मजा येते बघायला) तर त्या जागी आई-पिल्लांची वाट बघण्यात अर्थ नाही. ती लांब, झुडपांच्या कडेला असतात.

आणि ज्या मादीला या वर्षी पिल्लं होणार आहेत ती तर कॅमेऱ्यावर येतच नाही. बाकीची अस्वलं किनाऱ्यावर बर्फाची वाट बघत असतात तेव्हा ती आत बिळात असते.

न दिसणारे महिने

पिल्लं जन्मतात नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान. वजन अर्ध्या किलोहून थोडं जास्त, डोळे मिटलेले, अंगावर विरळ लव. आपल्याकडे संक्रांतीचे तिळगूळ वाटले जातात तेव्हा बऱ्याच बिळांत डोळे उघडायची वेळ आलेली असते. २७ फेब्रुवारी हा जागतिक ध्रुवीय अस्वल दिन आहे; माद्या पिल्लांसह बिळात असताना तो मुद्दाम ठेवलेला. आपला मराठी भाषा गौरव दिनही तोच. त्या दिवशी पोरांकडून मी एक पान मराठीत लिहून घेते, विषय अस्वल. दोन्ही कामं एका बैठकीत.

मार्चात आमच्याकडे रंगपंचमीची गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) निघते त्या सुमाराला हडसनकडच्या माद्या बाहेर येतात. पिल्लं तोवर दहा-बारा किलोंची. काही दिवस बिळाच्या तोंडाशीच खेळणं, मग समुद्राकडे चालत. ठिपका पुन्हा हलू लागला तर पान उलटा.

सगळीकडे एकच हिशेब लावू नका

ही सगळी रीत पश्चिम हडसनची. तिथे २०१६ मध्ये ८४२ अस्वलांचा अंदाज होता, २०२१ च्या पाहणीत ६१८ निघाला, आणि घट मुख्यतः माद्या आणि लहान अस्वलांमध्ये. पण जगात सुमारे २६,००० ध्रुवीय अस्वलं आहेत असा २०१५ चा अंदाज आहे, कॅनडा, अलास्का, रशिया, ग्रीनलंड आणि नॉर्वेचं स्वालबार्ड अशी विखुरलेली, आणि सगळ्यांचं एकसारखं चाललेलं नाही. स्वालबार्डभोवतीचा बर्फ फार झपाट्यानं कमी झाला, तरी तिथली अस्वलं अजून अंगानं बरी आहेत. रेनडियर मारतात, पक्ष्यांची अंडी खातात. (आपलं हिमाद्री संशोधन केंद्र २००८ पासून तिथेच, नी-ऑलेसुंडला आहे. वस्तीबाहेर पडताना अस्वलापासून बचावासाठी बंदूक बरोबर बाळगतात.) आग्नेय ग्रीनलंडमध्ये तर समुद्री बर्फ नसतानाही हिमनद्यांतून तुटून आलेल्या बर्फावर शिकार करणारी काहीशे अस्वलांची वेगळीच वस्ती असल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथल्या माद्या लहानखुऱ्या आणि पिल्लंही कमी. निभावतायत, पण जेमतेम. आणि अलास्काच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात २००८ मध्ये एक मादी बर्फ शोधत सलग नऊ दिवस ६८७ किलोमीटर पोहली. इंदूरहून मुंबई याहून जवळ आहे. तिचं २२ टक्के वजन गेलं आणि बरोबरचं वर्षाचं पिल्लूही गेलं. तेव्हा ‘अस्वलं उत्तम पोहतात, त्यांना काय’ असं म्हणणाऱ्या काकांना हेही सांगावं.

व्हॉट्सॲपवरच्या अस्वलांचं काय करायचं

सरळ डिलीट. त्यातल्या त्यात: पेंग्विनबरोबर अस्वल दिसलं की खोटं, पेंग्विन दक्षिणेला, अस्वल उत्तरेला. जहाजावरच्या माणसांकडे आई स्वतःहून पिल्लू आणून देते, मग मिठी मारते, हे हल्ली संगणकानं बनवलेले व्हिडिओ. आई माणसाला पिल्लू देत नाही. स्वालबार्डला तर २०२५ पासून अस्वलापासून ३०० मीटर दूर राहण्याचा नियम आहे, मार्च ते जून ५०० मीटर.

खऱ्या व्हिडिओचंही जपून. २०१७ मध्ये एका मरणासन्न अस्वलाचं चित्रण जगभर फिरलं, त्याला हवामानबदलाचा मथळा होता. पुढच्या वर्षी नॅशनल जिओग्राफिकनंच कबूल केलं की ते जरा जास्त झालं. ते अस्वल का खंगलं होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एक रोडकं अस्वल म्हातारं असू शकतं, आजारी असू शकतं. म्हणूनच तर आपण एका फोटोवर न जाता तारखा मांडतो.

पोरं विचारतातच, “मग आपण काय करायचं?” यावर मी त्यांना पंखे बंद करायला लावत नाही, ते काम करायला हे आहेत. इंदूरच्या पोरांना वाटतं ओला-सुका कचरा वेगळा केला की सगळं जग वाचतं. छान सवय आहे, पण त्यानं हडसनचं पाणी लवकर गोठत नाही. बर्फ घटतो तो कोळसा, तेल, वायू जाळून हवेत साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे, तेव्हा वीज कशापासून येते हा प्रश्न महत्त्वाचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या महापालिकेनं २४४ कोटींचे ग्रीन बाँड (म्हणजे लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढले ते जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी, नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत चढवायला लागणाऱ्या विजेचा भार हलका व्हावा म्हणून. नळ सोडला की हे सांगता येतं. बाँड म्हणजे काय यावर मात्र पोरांनी मला तासभर पिदवलं.

सुरुवात कधी करावी? जूनच्या शेवटी. शाळा सुरू झालेल्या असतात, हडसनचा बर्फ फुटत असतो, आणि वहीतली पहिली तारीख लगेच हाती लागते. दिवाळीत सुरू केलंत तर कॅमेरा मिळेल पण उपासाचे दिवस मोजायचे राहतील. आणखी एक. गळ्यातले पट्टे काही काळानं आपोआप सुटून पडतील अशीच सोय केलेली असते, बॅटऱ्याही संपतात. तुमची मादी एखाद्या रविवारी नकाशावरून नाहीशी झाली तर पोरांना तोंड पाडून बसू देऊ नका. शेवटची जागा, तारीख आणि पिल्लांचं वय लिहा, खाली रेघ मारा, आणि त्याच बैठकीत दुसरी मादी निवडा. निवडताना शक्यतो वसंतात पिल्लांसह दिसलेली घ्या, म्हणजे पुढची दोन वर्षं वहीला काम राहील. वही दोनशे पानी घ्यावी, चौकटीची नको. रेघा आखायला सोहमला बसवते.